मी दहाच्या जागी पावणेनऊ लिहिले

मित्रांनो, मी एक जुने ईसीजी यंत्र आहे. माणसाच्या हृदयाचे ठोके ऐकायचे आणि ते चौकटीच्या कागदावर नागमोडी रेघेने लिहून काढायचे, हे माझे काम होते. आता मी ते करत नाही. रुग्णालयाच्या तळघरात, एका मोडक्या खाटेवर पडून असतो. तुम्हाला वाटेल, आता हा आपली थोरवी सांगणार आणि शेवटी कुणी विचारत नाही म्हणून रडणार. तसे नाही. मी जे सांगणार आहे त्यात माझी चूकही आहे, आणि ती लहान नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका तरुण कामगार बाईने माझ्या तारा जोडल्या. हातापायांना लावायचे चार चिमटे आणि छातीला चिकटवायचे सहा रबरी फुगे. माझ्या पोटात तिने रबराचा एक रोलर बसवला. तो कागदाला पुढे ओढतो. कागद एका सेकंदात अडीच सेंटिमीटर सरकला पाहिजे, ना कमी ना जास्त. कारण माझ्या कागदावर लांबी म्हणजेच वेळ. बाईने घड्याळ लावून दहा सेकंद कागद चालवला, मोजपट्टीने मोजला. पंचवीस सेंटिमीटर भरला. तिने माझ्या पाठीवर शिक्का मारला आणि मला खोक्यात ठेवले.

रुग्णालयात मला तळमजल्यावरची शेवटची खोली मिळाली. एक खाट, एक हिरवा पडदा, हात धुवायची जागा आणि भिंतीवर एक घड्याळ. ती खोली ज्यांच्या ताब्यात होती, त्यांना सगळे चिमटेकाका म्हणत. काका तंत्रज्ञ होते, चाळिशी उलटलेले. घाबरलेल्या मुलांना ते म्हणत, "मी चिमटा काढत नाही रे, नुसता लावतो. आत उंदीर पळतोय की घड्याळ चालतंय, एवढंच बघू." मुले हसत आणि हसताना पट्टी, म्हणजे माझा रेघेचा कागद, बिघडे, मग काका पुन्हा काढत. त्यांची एक सवय होती. पट्टी काढण्याआधी ते दोन बोटे मनगटावर ठेवून नाडी मोजत आणि तो आकडा पट्टीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहीत. कुणी सांगितले नव्हते. जुन्या वळणाचा माणूस.

आणि माझ्या डॉक्टरबाई. त्या हृदयरोगतज्ज्ञ होत्या. उंच, सडसडीत, बोलायला थोड्या तुटक. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एका तरण्याताठ्या मुलाच्या कागदावर 'मृत्यूचे कारण अज्ञात' असे लिहिले होते. त्या मुलाची आई नुसती विचारत राहिली, "अज्ञात म्हणजे काय हो?" त्या प्रश्नाने डॉक्टरबाईंची पाठ सोडली नाही. ज्या घरांत तरुण माणसे ध्यानीमनी नसताना कोसळतात, अशी घरे त्या शोधू लागल्या.

त्यांचा अभ्यास मी तुम्हाला सोपा करून सांगतो. हृदय एक ठोका देते आणि मग क्षणभर दम खाते. त्या क्षणात ते पुढच्या ठोक्यासाठी तयार होते. काही घराण्यांत जन्मतःच हा दम लांबतो. इतरांपेक्षा सेकंदाचा विसावा भाग जास्त, कधी त्याहूनही कमी. एवढ्याने काय होणार, असे वाटेल. पण नेमक्या त्या वेळी कुणी दचकवले, कर्कश आवाज झाला, गार पाण्यात उडी पडली, तर हृदयाचा ताल सुटतो. ते ठोके देण्याऐवजी नुसते थरथरत राहते आणि माणूस खाली पडतो. वरून पाहणाऱ्याला ती फिट, म्हणजे आकडीच वाटते. म्हणून कितीतरी जण वर्षानुवर्षे फिटच्या गोळ्या खातात आणि एक दिवस उठत नाहीत.

उपाय मात्र अवघड नव्हता. हृदयाला दचकू न देणारी एक गोळी रोज घ्यायची. गोळी पुरत नसेल तर छातीत कातडीखाली एक छोटे यंत्र बसवायचे. ताल सुटला की ते झटका देऊन हृदयाला ताळ्यावर आणते. अवघड होते ते आजार ओळखणे. आणि ते माझ्या कागदावर व्हायचे. डॉक्टरबाई कर्कटक घेऊन रेघेवरची बारीक घरे मोजत, हृदयाचा वेग किती ते धरून हिशेब करत आणि ठरवत की हा दम लांबलेला आहे की नाही. एका घराचा फरक म्हणजे आजारी की निरोगी, एवढा फरक.

आठ वर्षे मी हे काम चोख केले. डॉक्टरबाई मला गाडीत घालून लोकांच्या घरीही नेत. आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळ्यांच्या पट्ट्या निघत. एका गवंड्याची मुलगी सात वर्षे फिटच्या गोळ्या घेत होती. माझ्या पट्टीवर तिचा खरा आजार दिसला, औषध बदलले आणि ती पुन्हा कधी पडली नाही. त्या दिवशी डॉक्टरबाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "शाबास रे बाबा." एकेचाळीस घराणी त्यांच्या वहीत जमा झाली. दूरदूरचे डॉक्टर पत्रे पाठवू लागले. मला वाटे, माझ्याइतके भाग्यवान यंत्र नाही.

पण रबर म्हातारे होते, मित्रांनो. माझा रोलर कडक आणि गुळगुळीत झाला. कागद त्याच्यावरून घसरू लागला. माझे कान शाबूत होते. ठोके मी बरोबर ऐकत होतो. हात घसरत होता. एका सेकंदात अडीच सेंटिमीटर कागद ओढायचा, तो मी सव्वादोनच्या खाली ओढत होतो. रेघ दिसायला तशीच सुंदर निघे. फक्त थोडी आखडलेली. आणि आखडलेल्या रेघेत लांबलेला दम छोटा दिसतो.

हे पहिल्यांदा कळले ते काकांना. त्यांच्या बोटांचा आकडा आणि कागदावरचा वेग जुळेना. त्यांनी स्टोअरला चिठ्ठी लिहिली: 'रोलर घसरतो, बदलून द्यावा.' उत्तर आले नाही. दोन महिन्यांनी दुसरी चिठ्ठी लिहिली. स्टोअरमधला माणूस खोलीत आला, माझे बटण दाबले, कागद बाहेर आला. "चालतंय ना काका? मग?" असे म्हणून तो गेला. तिसरी चिठ्ठी काकांनी थेट डॉक्टरबाईंच्या हातात दिली. त्या परगावी एका मोठ्या सभेत आपला अभ्यास मांडायला निघाल्या होत्या. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात चिठ्ठी.

"बघते काका, आल्यावर," त्या म्हणाल्या आणि चिठ्ठी टेबलावरच्या कागदांत ठेवली.

त्या आल्या. सभेत खूप कौतुक झाले होते. त्या कागदांवर आणखी कागद आले. काकांना पुन्हा विचारायचा संकोच वाटला, आणि खोलीबाहेर बाकावर माणसे बसलेलीच असत. काम थांबले नाही. मीही थांबलो नाही.

याच दिवसांत ती शिवणकाम करणारी बाई आली. ती घरी शाळांचे गणवेश शिवत असे. नवरा नव्हता. दोन मुली होत्या. त्यांतली थोरली, सतरा वर्षांची, परीक्षेच्या सकाळी गजर झाला तशी अंथरुणात दचकून उठली, "आई" म्हणाली आणि गेली. शेजारी कुजबुजले, पोरीने काहीतरी खाल्ले असेल. आईने ते सगळे ऐकून घेतले. मग कुणीतरी तिला डॉक्टरबाईंचे नाव सांगितले. ती धाकटीला घेऊन आली. घरातले गजराचे घड्याळ तिने फेकून दिले होते आणि दारावरच्या बेलला चिंध्या गुंडाळून ती मुकी करून टाकली होती.

धाकटी आठ वर्षांची. पुढचे दोन दात पडलेले. खाटेवर पडल्या पडल्या तिने काकांना विचारले, "यात माझी ताई कशी गेली ते कळेल?"

काकांनी विनोद केला नाही. "तुझं कळेल, बाळा," एवढेच म्हणाले. त्यांनी नाडी मोजली, कोपऱ्यात आकडा लिहिला. मी तिचे हृदय ऐकले. ठोका आणि दम, ठोका आणि दम. तो दम लांबच होता, मित्रांनो. कागदावर त्याची दहा घरे व्हायला हवी होती. मी पावणेनऊ लिहिली.

डॉक्टरबाईंनी कर्कटक लावले. दोनदा मोजले. ठोके थोडे भरभर दिसत होते, पण घाबरलेल्या मुलाचे तसे दिसतातच. हिशेब निरोगी माणसाच्या मर्यादेत बसला. आईची, सोबत आलेल्या तिच्या भावाची आणि त्याच्या लहान मुलीचीही पट्टी काढली, त्याही तशाच बसल्या.

"धाकटी ठीक आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सहा महिन्यांनी पुन्हा दाखवून जा."

आईचा जीव भांड्यात पडला. ती खाली बसली, मुलीच्या पायांत मोजे घालता घालता रडली आणि जाताना माझ्याकडे बघून तिने हात जोडले. मित्रांनो, ते जोडलेले हात मला अजून दिसतात.

पुढचे मला मागाहून कळले. घरी गेल्यावर धाकटीने हट्ट धरला, "आई, आता तरी बेल वाजू दे ना. माझ्या मैत्रिणी दार ठोकून ठोकून परत जातात." आईने चिंध्या सोडल्या.

चार महिन्यांनी एका संध्याकाळी आई गणवेश पोचवून, नवीन कापडाचा गठ्ठा घेऊन परत आली. दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून तिने कोपराने बेल दाबली. आत धाकटी खिडकीपाशी पुस्तक वाचत होती. दार उघडायला कुणी आले नाही.

ही बातमी दुसऱ्या दिवशी आमच्या खोलीत आली. डॉक्टरबाईंनी फाइल मागवली. धाकटीची पट्टी टेबलावर पसरून त्या तासभर उभ्या होत्या. पुन्हा पुन्हा मोजत होत्या. पावणेनऊ. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या पेन्सिलीच्या आकड्यावर गेली. काकांच्या बोटांनी मोजलेली नाडी पंच्याऐंशी. कागदावर मोजली तर सत्त्याण्णव.

"काका, हे जुळत नाही," त्या म्हणाल्या.

काका दारात उभे होते. "वर्षभर जुळत नाहीये, मॅडम. चिठ्ठी दिली होती मी."

डॉक्टरबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून माझा कागद दहा सेकंद चालवला. काकांनी मोजपट्टी लावली. पंचवीसऐवजी बावीस. मग डॉक्टरबाईंनी टेबलावरचे कागद उपसले. चिठ्ठी सापडली. काकांच्या बारीक अक्षरात तीन ओळी. डॉक्टरबाई खुर्चीवर बसल्या आणि चिठ्ठी हातात धरून राहिल्या.

"चूक माझीही आहे," काका म्हणाले. "मी या खोलीला कुलूप लावायला हवं होतं. लावलं नाही."

विभागाचे प्रमुख आले. वयस्कर, समजूतदार गृहस्थ. त्यांनी सगळे ऐकले आणि दार लोटून घेतले. "रोलर बदलून घ्या आणि विषय मिटवा," ते म्हणाले. "मूल परत येणार आहे का? हात दाखवून अवलक्षण कशाला? तुमचा इतक्या वर्षांचा अभ्यास मातीत जाईल."

"त्या बाईला वाटतंय की बेल वाजवून आपणच मुलीला मारलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तसंच वाटू देऊ का?"

प्रमुख दार उघडून निघून गेले.

डॉक्टरबाईंनी मला गाडीत घातले. का, ते मला कळले नाही. बहुधा जे सांगायचे ते नुसत्या तोंडाने सांगायची त्यांना लाज वाटली असावी. एका खोलीचे घर होते. शिलाई मशीनवर अर्धवट शिवलेला सदरा तसाच होता, सुई कापडात रुतलेली. बाई जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. तिचा भाऊ मोरीपाशी उभा होता. डॉक्टरबाई खुर्चीवर बसल्या नाहीत. त्या तिच्यासमोर जमिनीवर बसल्या, मला बाजूला ठेवले आणि एकही शब्द न गाळता सगळे सांगितले. रोलर, पट्टी, तीन चिठ्ठ्या, परगावची सभा.

बाईने आधी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी ती आजारीच होती."

"हो."

"आणि तुम्ही मला सांगितलंत, ठीक आहे."

"हो."

"बेल मी वाजवली."

"बेल निमित्त झाली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गोळी चालू असती तर ती फक्त दचकली असती आणि दार उघडायला धावत आली असती. यात तुमचा दोष नाही. माझा आहे."

बाईने डोळे मिटले. भाऊ पुढे झाला, त्याच्या मुठी वळलेल्या होत्या. बाईने हात वर करून त्याला थांबवले. "याच्यावर आणखी किती जणांची तपासणी केलीत?" तिने विचारले.

"दोनशे बारा."

"त्यांना सांगितलंत?"

"अजून नाही. आधी तुमच्याकडे आले."

"मग माझ्यासमोर काय बसलात?" बाई एकदम ओरडली. "माझ्याकडे आता काय उरलंय? उठा! त्यांच्या घरी जा!"

डॉक्टरबाई उठल्या. जिना उतरताना त्यांनी मला घट्ट धरले होते.

त्याच आठवड्यात मला नवा रोलर मिळाला. वर्षभर जो मिळत नव्हता तो एका दिवसात आला. जुन्या पट्ट्यांवर आकडेमोड करून भागणार नव्हते, कारण कागद कधी जास्त घसरे, कधी कमी. प्रत्येक माणूस पुन्हा तपासायचा होता. काका आणि डॉक्टरबाई सात आठवडे घरोघर फिरले. दारात उभे राहून डॉक्टरबाई प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य म्हणत, "आमच्याकडून चूक झाली आहे, तुमची तपासणी पुन्हा करायची आहे." काहींनी दार लावून घेतले. एका म्हाताऱ्याने त्यांना नको ते बोलून घेतले. काहींनी पाणी दिले.

धाकटी सोडून सहा जणांच्या पट्ट्या चुकलेल्या निघाल्या. पाच जण वेळेवर सापडले. सहावा एका बेकरीत भट्टीवर काम करायचा. त्याच्या बायकोने दार उघडले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "तीन आठवडे उशिरा आलात." तिथे मला पिशवीतून बाहेर काढलेच नाही.

त्या पाचांमध्ये एक होती शिवणकाम करणारी बाई स्वतः. मुलींना हा आजार तिच्याकडूनच आला होता. तिने गोळी घ्यायला साफ नकार दिला. "मला कशाला जगवता?" एवढेच म्हणाली. भाऊ विनवण्या करून थकला.

पाचांमध्ये तिचा भाऊही होता, आणि त्याची चार वर्षांची मुलगी. आत्या तिला बटण म्हणे. बटणला गोळीची चव आवडेना. ती थुंकून टाकायची. तोंड गच्च मिटून घ्यायची. एकदा तिने आत्याकडे बोट दाखवले. "आत्याला पण आजार आहे ना? ती घेत नाही. मग मी का घेऊ?"

हे भावाने काकांना सांगितले आणि काकांनी डॉक्टरबाईंना, म्हणून मला ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई भावाच्या घरी गेली, बटणसमोर बसली, आपली गोळी तोंडात टाकली आणि रिकामी जीभ बाहेर काढून दाखवली. मग बटणने घेतली. तेव्हापासून रोज सकाळी, न चुकता.

दर सहा महिन्यांनी बाई बटणला घेऊन आमच्या खोलीत येई. डॉक्टरबाईंशी ती कधीच बोलली नाही. क्षमा केली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. आली की काकांना म्हणे, "आधी नुसता कागद चालवा. दहा सेकंद." घड्याळाकडे ती स्वतः बघे. मग गळ्यातली टेप काढून माझ्या पट्टीवर अशी ताणून धरे, जशी ती गिऱ्हाइकाच्या खांद्यावर धरत असेल. पंचवीस भरले की म्हणे, "घ्या." तोपर्यंत बटणच्या अंगाला चिमटा लावू देत नसे. डॉक्टरबाई हात मागे बांधून, शाळेत उभे केल्यासारख्या उभ्या राहत.

डॉक्टरबाईंनी आपला अभ्यास छापला, तेव्हा त्यात ही चूकही छापली. एक संपूर्ण पान. दोन मृत्यू आणि तीन चिठ्ठ्या, काही लपवले नाही. पुढच्या सभेला त्यांना बोलावले नाही. ज्यांची पत्रे येत होती त्यांपैकी बऱ्याच जणांची येईनाशी झाली. पण काही रुग्णालयांतून वेगळीच पत्रे आली: तुमचे वाचून आम्ही आमची यंत्रे तपासली, दोन घसरत होती. एका रुग्णालयात तर चार घसरत होती. डॉक्टरबाई ती पत्रे काकांना वाचून दाखवत. आनंद झाल्यासारख्या दिसत नसत. वाचून झाले की त्या पुढच्या माणसाला आत बोलावत.

अशी आणखी पाच वर्षे गेली. काका निवृत्त झाले. बटण नऊ वर्षांची झाली, धाकटीहून एक वर्षाने मोठी. त्या दिवशी नेहमीसारखा कागद चालला, नेहमीसारखी टेप ताणली गेली. बाई खाली वाकली. चष्मा पुसून पुन्हा वाकली.

"साडेचोवीस," ती म्हणाली.

नवी तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, "अर्धाच सेंटिमीटर आहे मावशी. एवढं चालतं."

बाईने बटणचा हात धरून तिला खाटेवरून खाली घेतले. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने डॉक्टरबाईंकडे थेट पाहिले. "नाही चालत," ती म्हणाली. "हो ना, डॉक्टर?"

"नाही चालत," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी वाकून स्वतःच्या हाताने माझा प्लग काढला.

माझे काम तिथे संपले. मला त्याचे वाईट वाटले नाही. शेजारच्या खोलीतून दुसरे यंत्र आणले, त्याचा कागद मोजला, आणि बटणची पट्टी त्याच्यावर निघाली. मी कोपऱ्यातून बघत होतो.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तोंड नसते. घसरायला लागलो तरी आम्ही गोड आवाज करत चालत राहतो. ते आधी कळते ते रोज आमच्यावर हात ठेवणाऱ्या एखाद्या साध्या माणसाला, आणि तो ते हळू आवाजात सांगतो, एकदा, दोनदा, फार तर तीनदा. तुमच्या घरात, शाळेत, उद्या तुम्ही जिथे काम कराल तिथे, असे कुणी सांगायला आले तर त्याला 'चालतंय ना' म्हणू नका. 'आल्यावर बघते' असेही म्हणू नका. हातातले काम खाली ठेवा, त्याच्याबरोबर जा आणि मोजून बघा.